हिंदमाताचं पाणी आणि पालिकेचे चार कागद

पावसाळ्यात मुंबईकर घराबाहेर पडण्याआधी दोन गोष्टी विचारतो: गाड्या चालू आहेत का, आणि हिंदमाताला पाणी भरलंय का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की पहिल्याचं वेगळं विचारायची फारशी गरज उरत नाही.

दादर आणि परळच्या मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावर हे ठिकाण आहे. नाव पडलं जुन्या हिंदमाता थिएटरवरून. आजूबाजूला कापडाचा मोठा बाजार आणि चालत जाण्याच्या अंतरावर केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं. जून तोंडावर आला की इथले जुने दुकानदार सगळ्यात खालचं फळकूट रिकामं करतात. साड्यांचे गठ्ठे आणि ड्रेस मटेरियलचे तागे एक-दोन खण वर चढतात आणि खाली उरतं ते भिजलं तरी चालेल असं सामान. हे त्यांना कुठल्या परिपत्रकाने शिकवलेलं नाही. कुठल्या साली पाणी कुठल्या खणापर्यंत आलं होतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि माल त्या हिशेबाने लागतो.

'हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे उपाय स्थानिक विकास नियोजनात समाविष्ट करणे' हे वाक्य गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या कार्यशाळांमध्ये ऐकलंय की त्याचा अर्थच झिजून गेलाय. म्हणून एकच चौक घेऊन बघू. हिंदमाताच्या पाण्याचा माग काढत गेलं की पालिकेचे चार अगदी साधे कागद हाती लागतात: पर्जन्यजल वाहिनीच्या रचनेतला एक आकडा, विकास आराखड्याचा नकाशा, अर्थसंकल्पातलं एक शीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, आणि पंपांच्या कंत्राटातली एक तारीख. वातावरण बदलाचा आराखडा म्हणून जे जाडजूड पुस्तक छापलं जातं, त्यातलं प्रत्यक्षात किती उतरलं, हे या चार कागदांतच दिसतं.

वाटी

मुंबई सात बेटांची होती हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. त्यातला पाण्याच्या कामाचा भाग असा, की बेटं जोडताना मधल्या खाजणी भरल्या गेल्या, पण सारख्या उंचीच्या नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळची मोठी खिंड बांध घालून बंद केली, समुद्र बाहेर राहिला, आणि आतला सखल भाग पुढे हळूहळू भरत, वसत गेला. हिंदमाता ही अशीच एक बशी आहे. चारही बाजूंचं पाणी इथे येतं आणि इथून ते स्वतःच्या उताराने पूर्वेला, रे रोडकडच्या ब्रिटानिया पातमुखापर्यंत, म्हणजे वाहिनी समुद्राला मिळते त्या तोंडापर्यंत, जाणं अपेक्षित आहे.

अपेक्षित अशासाठी की शहरातली बरीचशी पातमुखं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. ओहोटी असेल तर पाणी समुद्रात जातं. भरती असेल तर समुद्रच वाहिनीतून आत यायला बघतो. त्यामुळे मुंबईत किती पाऊस पडला एवढ्यावर भागत नाही, किती वाजता पडला हेही बघावं लागतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस दरवर्षी पावसाळ्याआधी पेपरात छापून येतात आणि सखल भागातले लोक ती कात्रणं जपून ठेवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच दुपारी भरती होती.

पहिला कागद: एक आकडा

ब्रिटिशकालीन पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधल्या होत्या, आणि त्यातही एक गृहीतक होतं: पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल, निम्मंच वाहिनीत येईल. शंभर वर्षांपूर्वीच्या परळमध्ये वाड्या होत्या, मोकळी मैदानं होती, उघडी माती होती. तेव्हा हे गृहीतक चुकीचं नव्हतं.

१९८५ च्या पुरानंतर पालिकेने सल्लागार नेमून अभ्यास करवला. १९९३ मध्ये आलेला तो अहवाल म्हणजे ब्रिमस्टोवॅड. त्याने सांगितलं की वाहिन्या तासाला ५० मिमीच्या करा आणि निम्मं मुरेल हे आता विसरा, सगळंच वाहून येईल असं धरा. वर्तमानपत्रांनी याचं 'क्षमता दुप्पट' असं केलं, ते आजतागायत तसंच चालतं. पण हिशेब करून बघा. एका हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. जुन्या पद्धतीने २५ मिमीतलं निम्मं, म्हणजे तासाला सव्वा लाख लिटर. नव्या पद्धतीने ५० मिमी पूर्ण, म्हणजे पाच लाख. क्षमता चौपट हवी होती. पैकी दुप्पट पावसासाठी आणि उरलेली दुप्पट आपणच ओतलेल्या काँक्रीटसाठी.

खर्चाचा आकडा बघून अहवाल बारा वर्षं पडून राहिला. २००५ नंतर धूळ झटकली गेली, केंद्राकडून १,२०० कोटींची मदत मंजूर झाली, आठ मोठी उदंचन केंद्रं, म्हणजे पंपाने पाणी उपसून समुद्रात सोडणारी केंद्रं, ठरली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल ही दोन वर्षानुवर्षं जागेपायी अडून राहिली, माहुलला तर जागा होती मिठागराची. आठातली दोन केंद्रं तंत्रज्ञानामुळे किंवा पैशामुळे अडली नाहीत, एका भूखंडासाठी अडली, हे ध्यानात ठेवावं लागेल.

ब्रिटानिया केंद्र सुरू झालं तेव्हा हिंदमाता सुटलं असं सगळ्यांना वाटलं होतं. सुटलं नाही. पंप रे रोडला, पाणी हिंदमाताला, आणि मधल्या वाहिन्या तितकं पाणी तितक्या वेगाने पोचवू शकत नव्हत्या. तोंडाशी ताकदवान पंप बसवला आणि घसा अरुंद राहिला.

आता त्या ५० च्या आकड्याकडे परत येऊ. तो १९९३ चा आहे, म्हणजे त्याच्याही आधीच्या पावसाच्या नोंदींवर उभा आहे. मे २०२५ मध्ये दक्षिण मुंबईत काही ठिकाणी एका तासात ८० मिमीहून जास्त पाऊस मोजला गेला. आपण जो आकडा गाठायला तीस वर्षं लावली, तो गाठेपर्यंत जुना झाला होता. कोल्हापूर-सांगलीच्या पूररेषांचंही असंच आहे: निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. पण कुठली २५ वर्षं? रचनेतला आकडा दर काही वर्षांनी नव्या नोंदी घेऊन तपासला जाईल अशी एक ओळ नियमात असती, तरी ते निम्मं काम झालं असतं.

दुसरा कागद: नकाशा

हिंदमाता गिरणगावात आहे. इथपर्यंत आलं की पाण्याची गोष्ट जमिनीची होते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. मध्य मुंबईतल्या सुमारे सहाशे एकरांचा हा प्रश्न होता. २००१ मध्ये कलम बदललं. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असं ठरलं. गिरणीच्या आवारात आधीच मोकळी जागा ती किती असणार? प्रकरण न्यायालयात गेलं, उच्च न्यायालयाने मोकळ्या जागेच्या बाजूने कौल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरवला. २६ जुलैच्या पुराला तेव्हा आठ महिने होत आले होते.

तो वाद तेव्हा गिरणी कामगारांची घरं, बागा आणि बिल्डरांचा नफा या भाषेत झाला, आणि ते बरोबरही होतं. कामगारांचा हक्क पहिला होता. पण तीच जमीन लालबाग-परळच्या बशीच्या काठावरची, पाणी मुरवू आणि थोपवू शकणारी शेवटची सलग जमीन होती. 'मोकळी जागा' हा शब्द आपल्या विकास आराखड्यात खेळाचं मैदान किंवा उद्यान म्हणून येतो. पाणी साठवायची जागा म्हणून तो तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हता. त्यामुळे ती गेली तेव्हा तिची किंमत त्या खात्यात कुणी मांडलीच नाही.

पुढचा विकास आराखडा २०३४ पर्यंतचा. २०१५ चा मसुदा चुकांमुळे रद्द झाला, सुधारित मसुदा २०१६ ला आला, आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. मुंबई वातावरण कृती आराखडा आला मार्च २०२२ मध्ये. म्हणजे ज्या कागदावर कुठला भूखंड कशासाठी राखीव हे ठरतं, कायद्याने ठरतं, तो आधी बंद झाला आणि हवामानाचा विचार नंतर, वेगळ्या पुस्तकात आला. या दुसऱ्या पुस्तकाला भूखंड राखून ठेवायचा अधिकार नाही. शहर नियोजनातला माणूस हे एका वाक्यात सांगतो: आरक्षण असेल तर ते आहे, नाही तर ती सूचना आहे.

बागेखालची टाकी

हिंदमाताला शेवटी जे केलं गेलं ते हुशारीचं आहे, हे मान्य करायला हवं. पाणी समुद्रात तातडीने जात नसेल तर ते थोपवून धरायचं. दादर पश्चिमेला प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठाल्या भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने आणि मोठ्या वाहिन्यांतून तिकडे न्यायचं, भरती असेपर्यंत तिथे ठेवायचं, ओहोटी लागली की सोडून द्यायचं. काम २०२१ च्या पावसाळ्याच्या आसपास सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने वाढवलं गेलं. कला उद्यानाकडे जाणाऱ्या वाहिनीला रेल्वेचे रूळ ओलांडायचे होते आणि वाटेत टाटा मिलचं आवार होतं, म्हणून एका वाहिनीसाठी पालिकेला रेल्वे आणि वस्त्रोद्योग महामंडळ या दोन्ही दारांशी परवानगी मागावी लागली. पाण्याने परवानगी मागितली नव्हती, ते आपलं येत होतं.

हिंदमाता पूल आणि परळ पूल यांच्या मधला रस्ताही उंच करून दोन पूल जोडले गेले. त्यामुळे पाणी भरलं तरी वाहनं अडकत नाहीत. पण उंच केलेल्या रस्त्यावरचं पाणी शेजारच्या गल्लीतच उतरतं, आणि ज्याचं घर किंवा दुकान त्या गल्लीत आहे त्याला वाहतूक सुरळीत झाल्याच्या बातमीचं विशेष कौतुक नसतं. एका रस्त्यासाठी केलेला उपाय बशीचा आकार बदलत नाही, फक्त पाणी कुणाच्या दारात थांबेल ते बदलतो.

फरक पडला का? पडला. मध्यम पावसात पूर्वी जे तासन्‌तास तुंबायचं ते लवकर ओसरू लागलं. पण टाकीलाही माप असतं. उदाहरणापुरतं शंभर हेक्टरचं पाणलोट धरा. वाहिन्या तासाला ५० मिमी नेतात आणि पाऊस ८० मिमी पडला, तर एका तासात तीन कोटी लिटर पाणी वर उरतं. बागेखालच्या टाक्यांची क्षमता अशीच कोटींच्या घरात आहे. म्हणजे तासभर टिकाव. दुसऱ्या तासाला पुन्हा रस्ता.

आणि शहरातली मोठी मोकळी जमीन हातची गेल्यानंतर, उरलेल्या बागा खणून आपण तिचं काम त्यांच्याकडून करून घेतोय, हे त्या बागेत बाकावर बसलेल्या कुणाला सांगूनही खरं वाटायचं नाही.

तिसरा कागद: शीर्ष

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर झाला १३ मार्चला. मधे सहा दिवस. आराखड्यात ऊर्जा व इमारती, वाहतूक, घनकचरा, हरितीकरण, हवेची गुणवत्ता आणि पूर व जलव्यवस्थापन अशी सहा क्षेत्रं आहेत, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे, आणि तो नीट अभ्यास करून बनवलेला दस्तऐवज आहे. त्यावर प्रश्न विचारायला सभागृह मात्र नव्हतं. पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये.

याचं महत्त्व बाहेरून कळत नाही. नगरसेवक वातावरण बदलावर भाषण करत नाही. तो स्थायी समितीत उभा राहून विचारतो की माझ्या प्रभागातल्या अमुक गल्लीत पंप का नाही लावला, मागच्या साली दोन होते. जुळवून घेण्याचं नियोजन गल्लीपर्यंत जातं ते याच आरडाओरड्यातून. तोच वर्ग गैरहजर असताना पालिकेने सगळ्यात मोठा हवामानविषयक प्रयोग केला.

प्रयोग म्हणजे हवामान अर्थसंकल्प. जून २०२४ मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. २०२४-२५ च्या भांडवली खर्चातले १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे साधारण ३२ टक्के, हवामानाशी संबंधित कामांवर आहेत असं त्यात मांडलं होतं. कल्पना चांगली आहे: प्रत्येक कामाला खूण लावायची आणि बघायचं की हे काम उत्सर्जन कमी करतं का, पुरापासून किंवा उष्णतेपासून वाचवतं का. पण क्रम बघा. मूळ अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला गेला, खुणा जूनमध्ये लागल्या. खूण लावल्याने पैसा इकडचा तिकडे गेला नाही. जी पर्जन्यजल वाहिनी १९९३ पासून यादीत आहे, ती आता हवामानाच्या रकान्यातही दिसू लागली.

मी याला थोतांड म्हणणार नाही. खतावणीत रकाना पडला की पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतं, गेल्या वर्षापेक्षा कमी का. पण माझ्या मते उलटा रकाना जास्त कामाचा ठरेल: ज्या कामांमुळे पाणी मुरायची जागा कमी होते त्यांना लावायची खूण. पदपथ, चौक, झाडांची आळी सिमेंटने बंद करणाऱ्या कामांपुढे उणे चिन्ह यायला हवं. एकाच विभाग कार्यालयातून एका टेबलावर टाकी मंजूर होते आणि शेजारच्या टेबलावर काँक्रीट, आणि दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत.

चौथा कागद: तारीख

२६ मे २०२५, सोमवार. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या दिवशी तो सोळा दिवस आधी आला. याआधीची सगळ्यात लवकरची नोंद २९ मे १९५६ ची होती. कुलाब्यात त्या मे महिन्याचा पाऊस २९५ मिमीवर गेला आणि १९१८ चा मे महिन्याचा विक्रम मोडला. वरळीचं नुकतंच सुरू झालेलं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. आणि हिंदमाताला पाणी भरलं.

टाक्या होत्या. वाहिन्या होत्या. पंप वेळेत चालू झाले नाहीत. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी या चार लघु उदंचन केंद्रांच्या चालकांना पालिकेने प्रत्येकी दहा लाखांचा दंड केला. दंड योग्यच होता. पण दंडाच्या बातमीने एक प्रश्न झाकला गेला, तो वेळापत्रकाचा.

पालिकेचं वर्ष असं चालतं: फेब्रुवारीत अर्थसंकल्प, एप्रिलपासून नवा निधी, वसंतात निविदा आणि कार्यादेश, नालेसफाईची मुदत ३१ मे, भाड्याचे चारशेच्या आसपास उपसा पंप मेअखेर जागेवर. सगळी साखळी जूनच्या दुसऱ्या आठवड्याकडे तोंड करून उभी आहे. ही सवय कित्येक पिढ्यांच्या मृगाच्या हिशेबावर बसलेली आहे आणि तिच्यात सवड म्हणून जेमतेम दहा दिवस ठेवलेले आहेत. पाऊस सोळा दिवस आधी आला की ती सवड संपून वर सहा दिवसांची तूट पडते. त्या सोमवारी नालेसफाईचीही मुदत उलटलेली नव्हती. म्हणजे गाळ उरला असता तरी कागदोपत्री कुणीच चुकलेलं नव्हतं!

यावर उपाय करायला कोट्यवधी लागत नाहीत. पावसाळी कंत्राटं तीन वर्षांची करायची, म्हणजे दर एप्रिलला नव्याने कार्यादेशाची वाट बघावी लागत नाही. पंपांची चाचणी १ मेला, विभाग कार्यालयाच्या अभियंत्यासमोर, डिझेल भरून, प्रत्यक्ष पाणी उपसून. नालेसफाईची मुदत १५ मे. आणि दंडाची अट तारखेशी न बांधता पहिल्या मोठ्या पावसाशी बांधायची, तो कधीही येवो. वातावरण कृती आराखड्याच्या शेकडो पानांपेक्षा निविदेतल्या या चार ओळी हिंदमाताच्या गल्लीला जास्त उपयोगी पडतील.

एक गोष्ट सांगायची राहिली. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात याच पट्ट्यात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ गाडी सोडून घराकडे चालत निघाले आणि पाण्याखाली दिसत नसलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. झाकण उघडं असण्याचं कारण या शहरात सगळ्यांना माहीत आहे: पाणी लवकर उतरावं म्हणून तुंबलेल्या भागात लोकच झाकणं काढतात. पुढे झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली. झाकण काढलं तरी पाणी जाईल, माणूस जाणार नाही. लोक काय करतात हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. जाळी बसवायला कुठलं धोरण लागलं नाही, आणि ती हवामान अर्थसंकल्पात कुठल्या शीर्षाखाली येते हे शोधायला गेलात तर बहुधा 'किरकोळ दुरुस्ती' असं उत्तर मिळेल.

हिंदमाताच्या दुकानांत खालचं फळकूट पूर्वी जूनमध्ये रिकामं व्हायचं. २०२५ नंतर ते मेच्या मध्यावरच रिकामं करायला लागलं तर नवल नाही. लग्नसराईचा माल तेव्हा अजून संपलेला नसतो, त्यामुळे तो ठेवायचा कुठे हा त्यांचा प्रश्न आहे.